रंगमंच व्यवस्थापनाची सुरुवात: आधी एवढे कागद पुरे

पहिल्याच नाटकाला ढीगभर तक्ते करत बसू नकोस. आधी संहितेची फाइल नीट लाव: संवाद एका बाजूला, समोरचं कोरं पान नटांच्या हालचाली आणि क्यूंसाठी (प्रकाश, आवाज कधी बदलायचा त्याचे इशारे). पेन्सिलच वापर, तालमीत बदल होणारच. खुणांचा अर्थ पहिल्या पानावर लिही. तू आजारी पडलास तरी दुसऱ्याला त्या फाइलवरून प्रयोग चालवता आला पाहिजे.

मग लागतात:
- संपर्क यादी
- प्रवेशवार प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची यादी (कुठल्या विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कुठल्या बाजूच्या आडोशाला, आणि कोण आणतं)
- तालमीचा अहवाल, त्याच रात्री पाठवलेला

नवखे हमखास तारीख विसरतात. मग प्रकाशवाले जुन्या यादीवर, नेपथ्यवाले नव्या. प्रत्येक कागदावर तारीख घाल. अहवालात तक्रार नको, नोंद हवी: ‘टेबल डगमगतं, दुरुस्ती हवी.’ जमेल तुला. बाकीचे तक्ते गरज पडेल तसे कर.