निळ्या टिका आणि चटणीचा हंगाम

घरातून किंवा छोट्या गाळ्यातून व्यवसाय करणारी माणसे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांची तक्रार सुरुवातीला झोपेची, चिडचिडीची किंवा डोकेदुखीची असते, आणि थोड्याच वेळात ती हातातल्या फोनपाशी येऊन थांबते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत गेल्या काही वर्षांत ही चिंता इतक्यांदा ऐकली आहे की तिचे शब्दही आता ओळखीचे वाटतात. त्यातल्या एका ताईंनी मात्र ती फार नेमकी मांडली. "ओ मॅडम, फोन ठेवला तर धंदा बसतोय, आणि नाही ठेवला तर मी बसतोय." (आमच्याकडच्या बायका सहज 'मी करतो, मी जातो' असे बोलतात, ते मी सुधारून लिहीत नाही.) त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, तो अनुभव येथे सांगत आहे.

२०२० च्या टाळेबंदीत पतीचे उद्यमनगरातले काम थांबले, तेव्हा ताईंनी पाच किलो कांदा-लसूण चटणी करून ओळखीच्यांना व्हॉट्सॲपवर कळवले. जूनच्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, आणि कॉलेजात जाणाऱ्या पुतणीने काकूंच्या नावाने खाते उघडून दिले. व्यवसाय खरोखर वाढला. पाडव्याच्या आगेमागे हंगाम सुरू झाला की ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणायची, देठे काढायची, गच्चीवर वाळवायची, डंकावर कांडून आणायची, आणि हे सर्व चालू असताना त्याचे चित्रीकरणही करायचे, असा पावसाळ्यापर्यंतचा दिनक्रम ठरून गेला. त्यांच्या फोनला एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली असे, कारण मिरचीचे हात धुवून मग उत्तर देण्याइतका धीर त्यांच्याकडे उरला नव्हता. पहिल्या भेटीत त्यांनी तो फोन टेबलावर पालथा ठेवला. पन्नास मिनिटांत तो नऊ वेळा उलटा करून पाहिला गेला. मी मोजत होते, हे त्यांना नंतर सांगितले.

येथे माझी एक चूक नोंदवली पाहिजे. 'रात्री नऊनंतर फोन बंद' हा सोपा, पुस्तकी उपाय मी दुसऱ्याच भेटीत सुचवला. तो तीन दिवसही टिकला नाही. पुण्या-मुंबईतल्या नोकरदार ग्राहकांना जेवणे उरकल्यावर, म्हणजे साडेनऊ-दहालाच, चटणी आठवते. त्या वेळी फोन बंद ठेवणे म्हणजे ऐन बाजाराच्या दिवशी दुकानाला कुलूप घालण्यासारखे होते. ताई अपराधी चेहऱ्याने परत आल्या. त्यांच्या धंद्याची वेळ न विचारता मी झोपेची वेळ ठरवून मोकळी झाले होते, तेव्हा तो अपराध खरे तर माझा होता.

मग आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या: फोन कामासाठी किती लागतो, आणि हात फोनकडे किती वेळा जातो. दुसऱ्या गोष्टीचे कारण समजावताना मी त्यांना स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कबुतरांविषयी सांगितले. प्रत्येक टोचीला दाणा मिळाला तर कबूतर पोट भरेपर्यंत टोचते. दाणा कधी चौथ्या, कधी चाळिसाव्या टोचीला मिळाला तर ते टोचणे सोडतच नाही, आणि दाणे बंद झाल्यावरही बराच काळ टोचत राहते. ऑर्डर, लाइक किंवा कौतुकाची ओळ यांपैकी काय येईल आणि केव्हा येईल हे ठाऊक नसणे, एवढेच हात वळायला पुरते. ताई हसून म्हणाल्या, "म्हणजे मी कबूतर हाय म्हणा की." त्या हसल्या ते मला बरे वाटले, आपल्यात काही खोट आहे म्हणून असे होते, हा त्यांचा समज त्या दिवशी थोडा सैल झाला.

पहिल्या गोष्टीसाठी मी त्यांना वही घालायला सांगितली. दोन आठवडे प्रत्येक ऑर्डरीपुढे ती कोणाकडून आणि किती वाजता आली, एवढेच लिहायचे होते. ४१ ऑर्डरींपैकी २८ जुन्या ग्राहकांच्या, ९ त्यांच्या सांगण्यावरून आलेल्या, आणि केवळ ४ इन्स्टाग्राम पाहून आलेल्या निघाल्या. रील्ससाठी मात्र रोजचे दोन तास जात होते. मला वाटले, आता आकडेच काम करतील. ताईंनी वही दोनदा वाचली, मान डोलावली आणि म्हणाल्या, "ते खरं हाय. पण मी थांबलो तर बाकीची कुठल्या कुठं जातील."

हे 'बाकीची' कोण, हा प्रश्न पुढच्या दोन भेटी पुरला. उत्तर सापडले ते एका जुन्या रात्रीच्या आठवणीत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही जगभर एकाच वेळी ठप्प झाली आणि कित्येक तास बंदच राहिली. नवरात्र तोंडावर होते, ताईंच्या हातात दोन अर्धवट ऑर्डरी होत्या. त्या रात्री काय केले, असे मी विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "झोपलो. लवकर झोपलो. सगळ्यांचंच बंद हुतं न्हवं."

ऑर्डर बुडण्याची भीती असती, तर ती त्या रात्री सर्वांत जास्त वाटायला हवी होती. सर्वांची दुकाने एकदम बंद झाली तेव्हा त्या निर्धास्त झोपल्या. म्हणजे काळजी विक्रीची थोडी आणि कोणीतरी पुढे जाईल, कोणीतरी पाहील, याची पुष्कळ होती. ते 'कोणीतरी' शोधायला लांब जावे लागले नाही. व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवले की ते कोणी पाहिले याची यादी दिसते. ताई दिवसातून पंधरा-वीस वेळा ती यादी उघडत आणि त्यांची नजर दोन नावांवर थांबे: थोरली जाऊ आणि एक चुलत नणंद. दोघी स्टेटस दहा मिनिटांत पाहत आणि एक शब्दही लिहीत नसत. 'बघू किती दिवस चालतंय' असे सुरुवातीला एका हळदी-कुंकवाला कोणी तरी बोलले होते, ते पाच वर्षे तसेच रुतून बसले होते. स्टेटस ग्राहकांसाठी आहे अशी समजूत होती. प्रत्यक्षात ते रोज त्या वाक्याला दिलेले उत्तर होते.

समुपदेशनात अशी गोष्ट हाती लागल्यावर पुष्कळ बोलावेसे वाटते. मी एवढेच विचारले की त्या दोघींनी आजवर किती किलो चटणी घेतली. "एक चिमूट बी न्हाई."

उपाय किरकोळ वाटेल असा होता. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मेसेज वाचल्याच्या निळ्या टिका बंद करता येतात, आणि त्या बंद केल्या की आपले स्टेटस कोणी पाहिले हेही आपल्याला दिसत नाही. एका बटणात दोन्ही कामे झाली: 'वाचून उत्तर दिले नाही' अशी ग्राहकाची तक्रार उरत नाही, आणि जाऊबाईंचे नावही समोर येत नाही. बिझनेस ॲपमध्ये रात्री दहा ते सकाळी आठ आपोआप जाणारा मेसेज त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिला: 'ऑर्डर मिळाली. सकाळी आठला भाव आणि कुरिअरचा दिवस कळवते.' मेसेज लिहिताना त्या 'कळवते' म्हणाल्या, बोलताना 'कळवतो'. ग्राहकांशी प्रमाण भाषा, माझ्याशी घरची. रील आठवड्यातून एक, तेही पुतणी सवडीने करील, असे ठरले. यात मी बक्षीस-शिक्षा असे काही ठेवले नव्हते. हा केवळ दोन आठवड्यांचा प्रयोग होता आणि वही चालूच राहणार होती.

त्या दोन आठवड्यांत दहानंतर ११ जणांनी विचारणा केली. दहा जण सकाळच्या उत्तरावर खूश होते, एकाने दुसरीकडून घेतली. तो एक जण ताईंना चार दिवस टोचत राहिला, आणि ते टोचणे मी खोडून काढले नाही. गेलेले गिऱ्हाईक हे गेलेलेच असते. फक्त त्याच्या शेजारी त्यांनी झोपलेल्या रात्रींची संख्या लिहिली.

मध्येच एका अनोळखी खात्यावरून 'चटणीत रंग घातलाय' अशी कॉमेंट आली. ताईंनी रात्री एक वाजता चार परिच्छेदांचे उत्तर लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले आणि सकाळी ते मला दाखवायला आणले. त्यात सासूबाईंचे निधन होते, कर्जाचे हप्ते होते, मुलाची फी होती. मिरची शेवटच्या ओळीत होती. आरोप चटणीवर होता आणि खुलासा आयुष्याचा दिला जात होता, हे त्यांनीच वाचताना ओळखले. मग दोन ओळी उरल्या: 'रंग ब्याडगी मिरचीचा आहे. पुढच्या शनिवारी डंकावर कांडणार आहे, बघायला या.' कोणी आले नाही, पण त्या उत्तराखाली जुन्या ग्राहकांनी आपणहून लिहिले.

अशी प्रत्येक केस केवळ सवयींच्या पातळीवर सुटत नाही. झोप दोन-तीन आठवडे सलग उडाली असेल, भूक मेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगण्याविषयीच नकोसे विचार येत असतील, तर मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही चोवीस तास मोफत चालतो. ताईंची झोप तिसऱ्या आठवड्यात बऱ्यापैकी सावरली, म्हणून तशी वेळ आली नाही.

पावसाळा लागला, हंगाम संपला आणि भेटी थांबल्या. दिवाळीच्या आधी त्या चकलीच्या भाजणीचे पाकीट घेऊन आल्या. फोनवरची पिशवी गेली होती. मध्यंतरी एक दिवस निळ्या टिका पुन्हा चालू करून यादी पाहिल्याचे त्यांनी स्वतःहून सांगितले. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "बघितलं. सगळी हाय तिथंच हाईत. परत बंद केलं."