‘असलं बघते, उद्या असलाच मुलगा आणला तर?’

ही काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या आया किती, ते मोजणं मी सोडून दिलंय. मुलगी रात्री मोबाइलवर रक्त पिणाऱ्या मुलांची जपानी अ‍ॅनिमे बघते, आणि आईची झोप उडते.

अकरावीतल्या एका मुलीचं असंच होतं. मालिका २०१३ची, ‘डायबोलिक लव्हर्स’. युई नावाची मुलगी चर्चच्या सांगण्यावरून एका हवेलीत राहायला जाते. तिथले सहाही भाऊ व्हॅम्पायर. ते तिला चावतात, हिणवतात, आणि यालाच प्रेम समजायचं. मी पहिला भाग बघून मगच तिच्याशी बोलायला बसले होते. न बघता बोलणाऱ्या मोठ्यांचं मुलं ऐकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आई शेजारीच होती. ‘का बघतेस’ हे मी विचारलं नाही. म्हटलं, “यात फसलंय काय?”

मुलगी सरसावून बसली. “खूप काही, मॅडम! मुळात हा गेम आहे. त्यात एका वेळी एकाच भावाची गोष्ट. आईने त्याचं काय केलं, तो असा का झाला, हे सावकाश कळतं. अ‍ॅनिमेत पंधरा-पंधरा मिनिटांचे बारा भाग. तीन तासांत सहा जण कसे मावणार?”

“मग उरलं काय?”

“चावणं. गेममध्ये निदान काय उत्तर द्यायचं ते मी निवडते. इथे युई काहीच ठरवत नाही.”

“आणि त्या भावांपैकी अयातोचं लहानपण नीट दाखवलं असतं तर?” मी विचारलं.

ती गप्प झाली. अशा वेळी मी मध्ये बोलत नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तो असा का वागतो ते कळलं असतं. पण त्याची भरपाई युईने का करायची?”

इतकी वर्षं मी विवेकनिष्ठ विचार शिकवते, पण इतक्या थोडक्यात मला ते कधी मांडता आलं नव्हतं. योग्य प्रश्न पडला की माणूस आपलं उत्तर आपणच शोधतं, यावर माझा विश्वास आहे. त्या दिवशी तो पक्का झाला.

मग माझं लक्ष आईकडे गेलं. पहिल्या भेटीत नवऱ्याच्या संतापाविषयी त्या म्हणाल्या होत्या, “लहानपणी फार सोसलंय हो त्यांनी.” आता पर्सचा बंद बोटाला गुंडाळत त्या लेकीकडे बघत होत्या. त्यांची भीती मालिकेहून बरीच जुनी होती, हे मला तेव्हा उमगलं. पुढच्या चार भेटी आम्ही त्यावरच बोललो.

म्हणून आयांना सांगते, मोबाइल हिसकावू नका. एक भाग सोबत बसून बघा, आणि गोष्ट कुठे लंगडी पडते ते मुलीलाच विचारा. तिला दोष दिसत असतील तर घाबरू नका. मात्र खऱ्या आयुष्यात मित्राने फोन तपासला, कपड्यांवरून टोकलं, आणि ती ‘काळजी आहे म्हणून करतो’ म्हणू लागली, तर थांबू नका, त्याच आठवड्यात बोला. आणि सातवी-आठवीतल्या मुलींच्या हाती ही मालिका नकोच. युईचं ‘नको’ तिथे कुणीच ऐकत नाही, आणि ते चूक आहे हे त्या वयात कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं.