सोलापूरच्या जुन्या पेठांमध्ये जास्त घरं बांधू द्यायला नियम बदलावेत का?

तुमचा मुद्दा असा आहे: पेठांमध्ये आधीच पाय ठेवायला जागा नाही, पाणी रोज येत नाही, आणि तरीही गावठाणातले, म्हणजे शहराच्या जुन्या दाट वस्तीतले, बांधकामाचे नियम सैल करा असं काही जण म्हणतात. हे कसं पटायचं?

मला नियम बदलावेत हे पटतं. शहराच्या मधोमध जास्त घरं व्हायला हवीत. मात्र त्यासाठी दहा-दहा मजले नकोत. तळमजल्यावर दुकान आणि वर तीन मजले, एवढ्यातच पुष्कळ घरं बसतात. आज तेवढंही धड बांधता येत नाही आणि त्याची कारणं मजल्यांच्या मर्यादेत नाहीत. मी घरांचे नकाशे काढून मंजुरीला लावण्याचं काम करतो. त्यातली बरीच कामं शुक्रवार पेठ, साखर पेठ, बुधवार पेठ या भागांतली असतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी गर्दीचं बोलू. नवी पेठ किंवा चाटी गल्लीत संध्याकाळी जी गर्दी दिसते, ती तिथे राहणाऱ्यांची नसते. ती खरेदीला आलेल्यांची, हातगाड्यांची, माल उतरवणाऱ्या टेम्पोंची असते. राहणारे उलट कमी होत चाललेत. दुकानाच्या वर जिथे कुटुंब असायचं तिथे आता कापडाचे गठ्ठे आहेत. मुलं जुळे सोलापूरला, विजापूर रोडला, होटगी रोडला गेली आणि म्हातारे आईवडील माळवदाच्या घरात राहिले. वाटण्या न झालेले वाडे कुलपात पडून आहेत आणि पावसाळा आला की त्यांच्या भिंतींची शेजाऱ्यांना धास्ती असते.

मग गेलेली माणसं राहतात कुठे? १९९२ साली हद्दवाढ झाली आणि शहराचं क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झालं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९ लाख ५१ हजार भरली, म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम ५,३०० माणसं. हद्दवाढ भागात गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पडले, घरं आधी झाली आणि रस्ता, ड्रेनेज, नळ यांची वाट लोक वर्षानुवर्षं पाहत राहिले. ती घरं नियमात बसवायला २००१ चा गुंठेवारी कायदा करावा लागला. विडी कामगार आणि असंघटित कामगारांची मोठी वसाहत झाली तीही शहराबाहेरच्या कुंभारी गावाला. तिथली रे नगरची योजना ३० हजार घरांची आहे आणि त्यातली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या ताब्यात आली. हक्काचं घर मिळालं ही फार मोठी गोष्ट आहे. पण ज्याचं काम पूर्व भागातल्या मागावर आहे, त्याला रोजचं जाणं-येणं पदरात पडलं. पाण्याचा हिशोबही इथेच लागतो. माणूस पेठेत राहिला काय आणि हद्दवाढ भागात राहिला काय, पिणार तो महापालिकेचंच पाणी. पेठेत निदान जलवाहिनी आहे, बाहेर ती नव्याने लांबवर ओढावी लागते.

आता नियमांकडे येतो. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच नियमावली आहे. तिचं नाव एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, बोलताना सगळे यूडीसीपीआर म्हणतात. प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल त्या प्रमाणाला एफएसआय म्हणतात. दाट वस्तीबाहेरच्या भागात तिच्यात मूळ एफएसआय १.१ आहे, म्हणजे हजार फुटांच्या प्लॉटवर अकराशे फूट. त्यावर प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क, घेऊन आणखी मिळतो. शिवाय जिना, बाल्कनी वगैरेंसाठी निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय पैसे भरून घेता येतो. गावठाणात मूळ एफएसआय याहून जास्त आहे. म्हणून 'एफएसआय वाढवा' ही मागणी ऐकली की मला वाईट वाटतं. आहे तोच वापरता येत नाही, तर वाढवून कुणाचं भलं होणार?

का वापरता येत नाही ते एका प्लॉटवर दाखवतो. पेठेत पंधरा फूट रुंद आणि साठ फूट खोल जागा अगदी नेहमीची. ती झाली ९०० चौरस फूट. दोन्हीकडच्या भिंती गेल्या की आत साडेतेरा फूट उरतात. दुहेरी जिन्याला आठ फूट गेले की बाजूला साडेपाच फुटांची पट्टी राहते. मधल्या खोलीला उजेड हवा तर चौक सोडा. तळमजल्यावर दुकान हवंच, कारण घरखर्च त्यावर चालतो. त्यात गाड्यांची जागाही दाखवायची झाली, तर दुकानाचं तोंडच बंद होतं. वर जायचं तर उंचीबरोबर बाजूला सोडायचं अंतर वाढतं आणि पंधरा फुटांत अंतर सोडून काय राहणार? मग मालक दोनपैकी एक करतो. एक तर काहीच बांधत नाही, नाहीतर मंजुरीशिवाय बांधतो. दुसऱ्या प्रकारात नकाशा नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही, बँकेचं कर्ज नाही, आणि पाया किती मजल्यांचा आहे ते गवंड्यालाच ठाऊक.

अशाच तीन शेजाऱ्यांनी जागा एकत्र केल्या तर चित्र बदलतं. ४५ बाय ६०, म्हणजे २,७०० फूट. जिना एक, लिफ्ट एक, पाण्याची टाकी एक आणि मध्ये खरोखर उजेड देणारा चौक. खाली तिघांची दुकानं, वरच्या तीन मजल्यांवर पाचशे-साडेपाचशे फुटांची सात-आठ घरं आरामात होतात. तिघांचीही मुलं त्यांत राहू शकतात आणि उरलेली घरं विकून बांधकामाचा मोठा खर्च निघतो. म्हणून माझ्या मते पहिला बदल हा हवा: गावठाणात शेजारच्या मिळकती एकत्र करणाऱ्यांना वाढीव एफएसआय द्या, एकत्रीकरणाचं शुल्क माफ करा आणि सिटी सर्व्हेतली नोंद ठराविक मुदतीत करून द्या. एकट्याने उंच जाणाऱ्याला काही वाढवून देऊ नका.

दुसरा बदल वाहनतळाचा. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या छोट्या घरांना चारचाकीच्या जागेची अट नको. टिळक चौकाजवळ घर असलेल्याला बाजार, दवाखाना, देऊळ, शाळा सगळं पायी आहे. त्याच्या दारात गाडीला जागा हवीच असा आग्रह धरून आपण घराची जागा गाडीला देतो. त्याबदल्यात महापालिकेने पेठेच्या कडेला दोन-तीन सामाईक वाहनतळ करावेत आणि गल्लीत रात्रभर गाडी लावण्यावर खरोखर कारवाई करावी.

भाडेकरूंचा प्रश्न अवघड आहे, तो टाळून चालणार नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे आणि ते असायला हवं. भाडेकरूंचं पुनर्वसन करून वर मालकाला प्रोत्साहनपर एफएसआय देण्याची तरतूद यूडीसीपीआरमध्ये आहे. पेठेत ती क्वचित वापरली जाते, कारण एका वाड्याला आठ वारस आणि पाच भाडेकरू असतात आणि त्यांना एका टेबलावर बसवणारं कुणी नसतं. महापालिकेने यासाठी एक कक्ष उघडला तर एफएसआय वाढवण्यापेक्षा जास्त घरं उभी राहतील, असं मला मनापासून वाटतं.

काही ठिकाणी मात्र नियम घट्टच राहावेत. भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ते तसंच ठेवा. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेच्या, वेळी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सातही नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला याच रस्त्यांवरून जातात. त्या मार्गावर रस्त्यावर झुकणारी एकही बाल्कनी मंजूर होऊ नये. आणि आगीचं पाहा. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली, त्यांत तिथेच राहणारी माणसं होती. पेठेत वर घर आणि खाली किंवा शेजारी कापडाचं गोदाम ही रचना त्याच धोक्याची आहे. ज्या इमारतीत लोक राहणार तिच्यात गोदामाला परवानगी नको, आणि बंब आत शिरत नाही अशा बोळात तीन मजल्यांच्या वर काही नको.

ड्रेनेजबाबत तुमची भीती खरी आहे. जुन्या वाहिन्या एवढा भार घेणार नाहीत. म्हणून प्रीमियमचा पैसा त्याच पेठेच्या जलवाहिनी आणि ड्रेनेजवर खर्च व्हावा, त्याचं वेगळं खातं असावं, ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती नसेल तर मीसुद्धा या बदलाला विरोध करीन. उंच इमारतीच हव्या असतील तर रुंद रस्त्यांवरच्या मोठ्या जागा पाहाव्यात, पंधरा फुटी प्लॉट नाही.

आता तुम्ही काय करू शकता ते. ही नियमावली राज्याची आहे, महापालिका ती आपल्या मर्जीने बदलू शकत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली महापालिका फेरबदलाचा प्रस्ताव करून शासनाकडे पाठवते, किंवा ३७(१कक) खाली शासन स्वतःच फेरबदल हाती घेतं. दोन्ही वेळा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. सूचना आली की तिच्यात नमूद केलेल्या अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नुसतं 'गर्दी वाढेल' असं लिहिलं तर ते फायलीत पडून राहतं. आपल्या गल्लीची रुंदी टेपने मोजून लिहा, सिटी सर्व्हे नंबर टाका, तुंबणाऱ्या चेंबरचे तारखेसह फोटो जोडा आणि नियमाच्या कोणत्या पोटकलमात नेमका कोणता शब्द बदलायचा ते सांगा. गल्लीतल्या चार घरांनी वेगवेगळे अर्ज दिले तर सुनावणीत चौघांनाही बोलायला मिळतं. त्या दिवशी घरातल्या एकाने तरी जायलाच हवं.