डेडलॉक नवीन घेतलाय? मग आधी हे वाच

भावा, बॅटलस्टार गॅलॅक्टिका डेडलॉक हा अवकाश-युद्धाचा गेम घेतलास ते बरं केलंस, पण बॅटलस्टार गॅलॅक्टिका सिरीयलमधला कमांडर अडामा शोधत बसू नको, तो मिळणार नाही. २०१७ चा हा गेम पहिल्या सायलॉन युद्धातला (सायलॉन म्हणजे माणसांवर उलटलेले रोबोट) आहे, म्हणजे सिरीयलच्या कितीतरी वर्षं आधीचा, त्यामुळे सिरीयल बघितली नसली तरी काही अडत नाही.

महत्त्वाचं म्हणजे इथे तुझी चाल आणि सायलॉनची चाल एकाच वेळी होते. तू ऑर्डर देतोस, तोही देतो, मग दोघांची जहाजं एकदम हलतात, म्हणून शत्रू आत्ता कुठे आहे ते बघून नेम धरू नको, चाल संपेपर्यंत तो कुठे पोचेल त्याचा अंदाज घे. मी पहिल्यांदा सगळी जहाजं एका रांगेत ठेवली आणि आपलीच दोन एकमेकांवर आदळवली, हसू नको, तुझंही होईल! वर-खाली जायची सोय आहे ती वापर.

मिसाईल दिसली की फ्लॅक, म्हणजे मिसाईल हवेतच फोडणारा तोफांचा मारा, चालू कर, आणि पळ काढायच्या आधी वायपर, म्हणजे तुझी छोटी लढाऊ यानं, परत बोलावून घे. ज्युपिटर या मोठ्या युद्धनौकेसाठी घाई नको, सुरुवातीला लहान जहाजांवरच भागव.