मायलेजसाठी लगेच कार्बोरेटर उघडू नकोस
जुनी डीटीएस-आय (म्हणजे दोन स्पार्क प्लगच्या इंजिनची) पल्सर १५० बाईक घेतलीस, छान. पण मायलेज पडतंय म्हणून मेकॅनिकला लगेच कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, हात लावू देऊ नकोस. एकदा बिघडलेलं ट्युनिंग जागेवर येईपर्यंत नाकी नऊ येतात. आधी टायरमधली हवा बघ, सकाळी टायर गार असताना. मग गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, आणि मागचं चाक हाताने फिरव. जड फिरलं तर ब्रेक धरतोय किंवा चेन जास्त ताणलीय. या इंजिनला प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारे भाग, दोन. दोन्ही काढायला लाव, बरेच जण सोपा तेवढाच पुसतात! टोक तांबूस असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर एअर फिल्टर बघ, आणि चोक (गार इंजिन सुरू करताना ओढायचा खटका) अर्धवट ओढलेला नाही ना तेही. सिंहगडाच्या चढावर टॉप गिअरमध्ये रखडवू नकोस, त्याने पेट्रोल वाचत नाही. मायलेज फुल टाकी ते फुल टाकी मोज: मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा फुल करताना बसलेलं पेट्रोल.