दाट झाडीत हरणाच्या शिकारीसाठी कोणतं कॅलिबर (काडतुसाचं माप)?
झाडीत हरीण बहुधा ५०-६० मीटरच्या आतच दिसतं, त्यामुळे मॅग्नमच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसांच्या, नादी लागू नकोस. १८९५ पासून चालत आलेलं .३०-३० काडतूस आजही पुरून उरतं. १५० किंवा १७० ग्रेन वजनाची गोळी, खांद्याला बसणारा धक्काही बेताचा. मात्र काडतुसं एकामागे एक बसतात अशा नळीच्या मॅगझिनमध्ये कडक टोकदार गोळ्या भरायच्या नाहीत, टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ते पेटवणाऱ्या टोपीवर) टेकतं आणि धक्क्याने ते उडू शकतं. हातात .३०८ ची रायफल असेल तर नवीन काही घेऊच नकोस. .२४३ सुद्धा चालतं, फक्त काही ठिकाणी कायद्याला ते कमी पडतं, आधी नियम बघ.

आणि 'जड गोळी फांद्या कापत जाते' यावर विश्वास ठेवू नकोस. माझी गोळी बोटभर जाड डहाळीला लागून भरकटली होती. मोकळी फट मिळेपर्यंत थांब. रायफलीवरची दुर्बीण सगळ्यात कमी झूमवर ठेव, नाहीतर नुसती केसाळ कातडीच दिसेल.