डॉक्टरांकडून ‘हलकं काम’ लिहून आणू नका

या वेळच्या पत्रांत एकच विषय फार आला, आजार कायमचा आहे, नोकरी सोडणं परवडत नाही, मग कामावर सांगायचं कसं आणि मागायचं काय. सोलापुरातली चार पत्रं घेतलीत. नावं काढलीत, खाती-गावं थोडी इकडची तिकडं केलीत, त्यामुळं ओळखायचा प्रयत्न करू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, आठ वर्षं झाली, वय ३६. अडीच वर्षांपूर्वी मला संधिवात निघाला, म्हातारपणीचा नाही ओ, रुमॅटॉइडवाला. सकाळी उठलं की बोटं मिटत नाहीत, चहाचा कप धरवत नाही, साडेनऊपर्यंत असंच, मग हळूहळू मोकळं होतं आणि दिवसभर बरी असते. पण आमची पाळी आठला सुरू. उभं राहून टॉवेल बघायचे, धागे कापायचे, गठ्ठे उचलून पॅकिंगला द्यायचे. आठवड्याची एक गोळी आहे, तिच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं ते वेगळंच. डॉक्टरांनी ‘हलके काम द्यावे’ असं लिहून दिलं, ते सुपरवायझरला दाखवलं तर म्हणाले आमच्याकडं हलकं काम नसतं, बरं वाटेपर्यंत घरी बसा, एकाला दिलं की सगळे मागतात. सासूबाईपण म्हणतात सोडून दे. पण मिस्टरांची रिक्षा आहे, पोरगी अकरावीला आहे, कशी सोडू? माझा ईएसआय (कामगार विमा) कापला जातो.

उत्तर: ताई, नोकरी सोडू नका, आणि सुपरवायझरवर लगेच रागावूही नका. त्यांना चिठ्ठीच तशी मिळाली. कारखान्यात माणसाचे दोनच खाने असतात, फिट आणि अनफिट, आणि ‘हलकं काम’ वाचलं की तुम्ही सरळ अनफिटच्या खान्यात जाता. कामगार कल्याणच्या नोकरीत असल्या चिठ्ठ्या माझ्या हातातून खूप गेल्या, डॉक्टर बिचारे चांगल्या मनानं लिहितात आणि बाईचा पगार जातो. टॉवेलच्या खात्यात हलकं काम म्हणजे नक्की काय, हे ना डॉक्टरला माहीत ना सुपरवायझरला, ते फक्त तुम्हाला माहीत आहे.

म्हणून आधी घरी बसून तुमच्या कामाचे तुकडे पाडा. टॉवेल डोळ्यानं तपासणं, ह्याला बोटं लागत नाहीत. धागे कापणं, ह्यात चिमटीवर जोर येतो, म्हणजे दुखणार, पण जाड मुठीची, दाब सोडला की आपोआप उघडणारी कात्री मिळाली तर बराच फरक पडेल. उभं राहणं, ह्याला उंच स्टूल. गठ्ठे उचलणं, ह्याला चाकाची ट्रॉली, नाहीतर अदलाबदल, जी गठ्ठे उचलेल तिचं टॅग लावायचं आणि नोंदी करायचं काम तुम्ही घ्या. आणि आठची वेळ, ती खरी अडचण. असं बघितलं तर तुमचं निम्म्याहून जास्त काम तुम्ही आजही नीट करताय, हे तुम्ही पत्रात कुठं लिहिलंच नाही बघा.

हा कागद घेऊन डॉक्टरांकडं परत जा आणि चिठ्ठी बदलून घ्या. पहिलं वाक्य ‘कामासाठी फिट आहेत’ हेच पाहिजे. मग लिहायचं की सकाळी सांधे आखडतात म्हणून काम साडेनऊनंतर सुरू व्हावं, एका वेळी इतक्या किलोपेक्षा जास्त उचलू नये (किती ते डॉक्टर ठरवतील), सलग उभं राहू नये, बसून काम चालेल, आणि हे सहा महिन्यांसाठी, नंतर परत तपासणी. मुदत घातली की मालकाची भीती निम्मी कमी होते, त्यांना वाटतं आता हे जन्मभराचं गळ्यात पडलं. गोळीचंही त्याच वेळी विचारा, आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या रात्री घेतली तर चालेल का, म्हणजे मळमळ सुट्टीत निघून जाईल. वार मनानं बदलू नका, आणि ती गोळी चुकूनही रोज घ्यायची नसते हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

मग अर्ज, अर्धं पान बास. आजाराची कहाणी नको, रडगाणं तर अजिबातच नको. ‘आठ वर्षांपासून चेकिंगला आहे, काम चालू ठेवायचं आहे, त्यासाठी वेळ साडेनऊ ते सहा, एक स्टूल आणि गठ्ठे उचलण्याऐवजी टॅगचं काम मिळावं, एक महिना करून बघावं, माझे रोजचे नग मोजावेत.’ नग मोजा म्हणणं महत्त्वाचं आहे, कारण सुपरवायझरला वरती उत्तर द्यायचं असतं आणि त्याला आकडा लागतो. अर्जाची दुसरी प्रत काढून तिच्यावर पोहोच घ्या, सही-तारखेसकट. देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा.

‘घरी बसा’ हे तोंडी ऐकून घरी बसायचं नाही, ह्यावर मी फार ठाम आहे. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही, मस्टरवर मात्र गैरहजेरी लागलेली असते आणि दोन महिन्यांनी नोटीस येते की न कळवता कामावर येत नाही म्हणून. बसवायचं असेल तर लेखी द्या म्हणायचं, शांतपणे. लेखी म्हटलं की बरेच जण विचार बदलतात.

ईएसआयचं असं आहे, दरमहा २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना तो लागू होतो आणि आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. ते दिवस सांधे खरंच सुजून अंथरुणाला खिळाल तेव्हासाठी राखून ठेवा. त्यासाठी दाखला ईएसआयच्या डॉक्टरांचाच लागतो, खाजगी चिठ्ठीवर भागत नाही, तेव्हा तुमचे पेपर तिथं आत्ताच दाखवून ठेवा.

आता कायदा, जो तुम्ही विचारला नाही तरी सांगते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकार आहेत, रुमॅटॉइड नावानं त्यात नाही. पण सांधे वाकडे होऊन हालचाल कमी झाली तर सिव्हिलचं बोर्ड ते हालचालीच्या दिव्यांगत्वात मोजू शकतं, आणि मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. ४० टक्के लागतात ते आरक्षण-सवलतींसाठी, कामाच्या जागेवर सोय मागायला ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टानं २०२१ साली विकास कुमार ह्या केसमध्ये दिलाय, ती केस परीक्षेत लेखनिक मिळण्यावरून होती. खाजगी कंपनीलाही ह्या कायद्यानं समान संधीचं धोरण करावं लागतं. खरं सांगायचं तर एमआयडीसीत ते धोरण विचारलं तर समोरचा तुमच्या तोंडाकडं बघत बसेल, म्हणून पहिल्याच दिवशी कायदा काढू नका. स्टुलाचं मात्र बिनधास्त मागा, उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय हवी हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच होतं आणि नव्या लेबर कोडमध्येही आहे. ती काही मेहरबानी नाही.

आणि ‘सगळे मागतील’ म्हणाले तर म्हणायचं, मागू देत, त्यांनी पण डॉक्टरांचा असा कागद आणावा. कुणी हौसेनं साडेनऊला येऊन सहापर्यंत थांबत नसतं.

प्रश्न: मी २७ वर्षांचा, एका पतसंस्थेत कॅश काउंटरला. सोलापूरहून बार्शीला रोज एसटीनं अप-डाउन. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे म्हणजे आतड्याला जखमा, त्रास वाढला की दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं आणि थांबवता येत नाही, रक्तपण जातं. ऑफिसचं टॉयलेट खाली कॉम्प्लेक्समध्ये, चावी वॉचमनकडं. काउंटर सोडून पळालो की लाइनीतली लोकं ओरडतात, मॅनेजर सर म्हणतात फोनवर बोलायला जातो. उशीर झाला की गाडी चुकली सांगतो. खरं सांगायची लाज वाटते आणि लग्नाचं पण बघायला चाललंय. न सांगता काही होईल का?

उत्तर: पूर्ण न सांगता नाही होणार, पण सगळं सांगायचीही गरज नाही. एकाच माणसाला सांगा, मॅनेजरला, केबिनमध्ये, काउंटरवर नाही. ‘आतड्याचा जुना आजार आहे, उपचार चालू आहेत, संसर्गाचा नाही, त्रास वाढला की तातडीनं टॉयलेटला जावं लागतं’, एवढी माहिती त्यांना पुरते. रक्त, औषधं, कॉलनोस्कोपी हे तुमच्या डॉक्टरचं आणि तुमचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीतही ‘जठर-आतड्याचा दीर्घ आजार’ एवढंच लिहून मागता येतं. आणि बाकीच्यांना कळू नये अशी माझी इच्छा आहे हे त्याच बोलण्यात स्पष्ट सांगायचं, लोक मुद्दाम नाही पण गप्पांत बोलून जातात.

गाडी चुकली हे किती दिवस चालणार हो, एसटीचं टाइमटेबल बार्शीत तुमच्या सरांना पण पाठ असणार. सध्या त्यांच्या लेखी तुम्ही बेजबाबदार आहात, आजारी नाही, आणि बेजबाबदार माणसाला सोय कुणी देत नाही.

मागायचं काय तर, एक चावी कायम तुमच्याकडं. शेजारच्या काउंटरवाल्याशी ठरवून घ्यायचं की तुम्ही उठलात की कॅशचा ड्रॉवर लॉक, ‘पाच मिनिटं’ची पाटी, आणि लाइन त्याच्याकडं. कॅशमध्ये फरक निघाला तर तुमच्यावर येऊ नये म्हणून लॉकचं पक्कं ठरवा, ह्यात चालढकल नको. त्रास वाढलेल्या आठवड्यांत काउंटरऐवजी आतलं काम, कर्जाच्या फायली, व्हाउचर तपासणं, आणि त्या बदल्यात तुम्ही बरे असता तेव्हा मार्चअखेरची जादा कामं घ्या, हे स्वतःहून बोलून दाखवा. मला विचाराल तर बदली सोलापुरातल्या शाखेत मागणं सगळ्यात मोठी सोय ठरेल, शाखा असेल तर. सकाळचा एसटीचा प्रवास हाच तुमचा निम्मा त्रास असणार.

हा आजार त्या २१ प्रकारांत नाही, त्यामुळं खाजगी पतसंस्थेत कायद्याचा जोर कमी, बोलण्याचा जास्त. लग्नाचं इथं नको, पण होणाऱ्या बायकोला आधी सांगा, नंतर नाही.

प्रश्न: माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, तीन वर्षांपूर्वी कळलं. वर्ग पहिल्या मजल्यावर, पत्र्याचा. मार्चपासून ती अर्धमेली होते, पाय ओढत चालते, डोळ्यापुढं धूसर होतं, मग गार झालं की ठीक. सहकारी म्हणतात नाटक आहे, सकाळी चांगली होती. मुख्याध्यापक म्हणतात नाही झेपत तर व्हीआरएस घ्या.

उत्तर: व्हीआरएसवर सही करू देऊ नका, घाईनं तर नाहीच.

आधी ते नाटकाचं. ह्या आजारात अंग तापलं की लक्षणं वाढतात आणि गार झालं की ओसरतात, नसांवरचं आवरण खराब झालेलं असतं म्हणून उष्णतेत संदेश नीट जात नाहीत. आजार वाढला असा त्याचा अर्थ होत नाही, पण त्या वेळचा त्रास खरा असतो. सोलापूरचा उन्हाळा, ४२-४३ सहज, वर पत्रा, धडधाकट माणूस हैराण होतो तिथं हिचं काय होत असेल. न्यूरॉलॉजिस्टकडून हे दोन ओळींत लिहून घ्या, ‘उष्णतेनं लक्षणं तात्पुरती वाढतात’ अशा शब्दांत.

तुमच्या बहिणीची बाजू वरच्या दोघांपेक्षा फार मजबूत आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस २०१६ च्या कायद्यात नावानिशी आहे आणि तिची नोकरी सरकारी आस्थापनेतली. कलम २० सांगतं की सरकारी आस्थापनेनं वाजवी सोय करून द्यायचीच, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. ते काम झेपेना तर तेवढ्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यायचं असतं. यूडीआयडीसाठी ऑनलाइन अर्ज टाका, तपासणी सिव्हिलला होते, पेपर सगळे एमआरआयसकट न्या आणि खेटे घालायची तयारी ठेवा.

अर्ज मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. मागणी साधी ठेवा, तळमजल्यावरचा वर्ग, पंखा-कूलर, उन्हाळ्यात दुपारचं मैदानाचं आणि सर्वेक्षणाचं काम नको. तळमजल्याच्या वर्गाला तर पैसा पण लागत नाही, दोन वर्गांची अदलाबदल. बदलीत विशेष संवर्ग भाग १ मधून (ह्यात दिव्यांग, गंभीर आजारी शिक्षकांना प्राधान्य असतं) अर्ज करता येतो का तेही बघा, पण बदली होईपर्यंत सोय थांबवू नका, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ऑफिसात त्या हमखास एकत्र करतात. नाहीच ऐकलं तर कार्यालयातला तक्रार निवारण अधिकारी, त्यापुढं पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त.

प्रश्न: माझे १२ पॉवरलूम आहेत. जुना कामगार आहे, किडनी गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. माणूस इमानदार आहे, काढायचं मन होत नाही पण माग बंद ठेवून परवडत नाही. काय करावं?

उत्तर: तुम्ही विचारलंत हेच बरं वाटलं. एका डायलिसिसला चारेक तास, शिवाय जाणं-येणं आणि नंतरचा थकवा, म्हणजे ते दोन दिवस त्याचे गेलेच असं धरा आणि त्या दिवसांना बदली कामगार आधीच ठरवून ठेवा, आयत्या वेळी शोधत बसू नका. डायलिसिसचे वार आणि वेळ बहुतेक ठरलेली असते, ती त्याच्याकडून लिहून घ्या. उरलेल्या दिवसांत मागाऐवजी कांड्या (सुताच्या नळ्या) भरायचं काम बसून होतं. हातावर फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला जोडलेली शीर) केला असेल तर त्या हातानं बीम किंवा काही जड उचलायला लावू नका, त्या हाताला मार लागला तर जिवावर बेतू शकतं. पाणी मोजून प्यायचं असतं, त्यामुळं कांड्यांची जागा भट्टीसारख्या कोपऱ्यात नको, दाराजवळ द्या. पगाराचं दोघांनी बसून आत्ताच ठरवा, रोजावर का नगावर, आणि ते कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्या.